रंगाचा उतार : संगणकातील ग्रेडियंट आणि आपली मराठी

संगणकाच्या पडद्यावर बटण, आलेख किंवा चित्र काढताना आकाराच्या आत एकच सपाट रंग भरता येतो, किंवा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू बदलत जाणारा रंग भरता येतो. या दुसऱ्या प्रकाराला इंग्रजीत ग्रेडियंट म्हणतात. लग्नपत्रिका किंवा पोळ्याचा फ्लेक्स तयार करणाऱ्या दुकानात बसले की तो हमखास दिसतो. वर केशरी, खाली पिवळा आणि मध्ये दोहोंचा सांधा कुठे आहे हे कळत नाही. कोरलड्रॉ वापरणारे त्याला फाउंटन फिल म्हणून ओळखतात. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला मात्र तो तयार मिळत नाही. रंग कुठून सुरू होईल, कुठे संपेल आणि मध्ये काय होईल, हे त्याला संगणकाला सांगावे लागते.

मी पांढुर्ण्यात संगणकाचे वर्ग घेतो. वर्गात पांढुर्ण्याची मुले असतात, सौंसर, मोहगाव, लोधीखेडा इकडचीही असतात. त्यांची घरची भाषा मराठी, शाळेची हिंदी आणि प्रोग्रॅमची इंग्रजी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. सीमा बदलल्या, पण घरातली भाषा तीच राहिली. या तीन भाषांच्या प्रवासात एक गोष्ट वारंवार दिसते. मुलांना आज्ञेचे इंग्रजी नाव पाठ असते, तिचे स्पेलिंगही चुकत नाही, पण ‘हा आकडा बदलला तर चित्रात काय बदलेल?’ असे विचारले की वर्ग गप्प होतो. म्हणजे नाव पोहोचलेले असते आणि कल्पना वाटेतच राहिलेली असते.

ग्रेडियंट समजावून सांगताना ही वाट कमी करता येते असा माझा अनुभव आहे. त्यासाठी लागणारे जवळजवळ सगळे शब्द आपल्या शेतात, अंगणात आणि रेल्वेच्या रुळांवर आधीच आहेत. या लेखात ग्रेडियंटची रीत सांगायची आहे, आणि ती त्याच शब्दांत सांगायची आहे.

शब्द कुठून घ्यावा

ग्रेडियंट हा शब्द मूळचा चढ-उताराचा आहे. नागपूर-इटारसी मार्गावर पांढुर्णा सोडले की तीगावच्या पुढे गाडी सातपुड्याचा घाट चढू लागते. रुळांच्या कडेला छोट्या पाट्या असतात. किती अंतरात किती चढ, हे त्या सांगतात. ते मापही ग्रेडियंटच. ठरावीक अंतर चालल्यावर उंची किती बदलली, एवढाच त्याचा अर्थ. उंचीच्या जागी रंग ठेवला की संगणकातला ग्रेडियंट मिळतो. ठरावीक अंतर सरकल्यावर रंग किती बदलला?

हिंदी माध्यमाच्या विज्ञानात याला ‘प्रवणता’ म्हणतात आणि जमिनीच्या उतारासाठी ‘ढाल’ हा शब्दही येतो. आपल्या मुलांची इथे गंमत होते. हिंदीत ढाल म्हणजे उतारही आणि तलवारीचा वार झेलणारी ढालही. मराठीत ढाल फक्त लढाईतली. त्यामुळे ‘रंग की ढाल’ म्हटले की घरी मराठी बोलणाऱ्या मुलाच्या डोळ्यांसमोर भलतेच चित्र उभे राहते. ‘प्रवणता’ शास्त्रशुद्ध आहे, पण ती शेतात कोणी म्हणत नाही. ‘उतार’ मात्र सगळे म्हणतात. शेताला उतार असतो, घाटाला असतो, तापालाही असतो. म्हणून मी वर्गात ‘रंगउतार’ म्हणतो. एखादी संज्ञा बरी की वाईट हे मी एकाच कसोटीवर पाहतो. ती क्रियापदासोबत सहज चालते का? ‘या चौकोनात उतार भर’, ‘उतार उलटा कर’, ‘उतार जरा आखूड कर’ ही वाक्ये मुले स्वतःहून बोलू लागतात. ‘प्रवणता आखूड कर’ असे अजून कोणी म्हटलेले नाही.

दोन टोके आणि त्रैराशिक

पडद्यावरचे चित्र ठिपक्यांचे असते. ठिपक्यांची रांगोळी माहीत असलेल्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. प्रत्येक ठिपक्याचा रंग तीन आकड्यांत लिहितात : तांबडा किती, हिरवा किती, निळा किती. प्रत्येक आकडा ० ते २५५ यांमधला. तिन्ही ० म्हणजे काळा, तिन्ही २५५ म्हणजे पांढरा. अशा १,६७,७७,२१६ जोड्या होतात.

आता डावीकडे एक रंग आणि उजवीकडे दुसरा रंग दिला, तर मधल्या ठिपक्याला कोणता रंग द्यायचा? याचे उत्तर जुन्या अंकगणितातल्या त्रैराशिकात आहे. पूर्ण रुंदीत आकडा इतका बदलतो, तर एवढ्या अंतरात किती बदलेल? डावे टोक ० आणि उजवे टोक १ मानायचे. कोणताही ठिपका या दोहोंच्या मध्ये कुठेतरी ०.२५ वर, ०.५ वर असा बसतो. मग पहिल्या रंगाचा आकडा घ्यायचा आणि दोन रंगांतला फरक त्या अपूर्णांकाने गुणून त्यात मिळवायचा. हे तांबड्या, हिरव्या आणि निळ्या अशा तिन्ही आकड्यांसाठी वेगवेगळे करायचे.

मी हे आधी हातानेच करून घेतो. पायथॉनसोबत येणाऱ्या टीकिंटर या साधनाच्या कॅनव्हासवर तयार रंगउताराची सोय नाही, आणि शिकवताना हीच गोष्ट उपयोगी पडते. तीनशे ठिपके रुंद चौकोन घ्यायचा आणि एकेक करत तीनशे उभ्या रेषा काढायच्या. प्रत्येक रेषेचा रंग त्रैराशिकाने काढायचा. प्रोग्रॅम जेमतेम दहा ओळींचा होतो. तो एकदा चालला की पुढे कोणत्याही भाषेतली तयार आज्ञा वापरली तरी आत काय चालले आहे ते मुलांना दिसत राहते.

संत्र्याची अडचण

आमच्या भागात उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. पांढुर्णा-सौंसर म्हणजे संत्र्याचा पट्टा. आंबिया बहाराचे फळ पावसाळा संपेपर्यंत हिरवे असते. रात्री गार होऊ लागल्या की सालीतले हरितद्रव्य विरते, पिवळे-केशरी रंग वर येतात आणि बागेला रंग चढतो. एकाच झाडावर हिरवी, पोपटी, पिवळसर आणि नारिंगी फळे एका वेळी दिसतात. निसर्गाने केलेला हा रंगउतार संगणकात करून पाहायचा, असा सराव मी देतो.

सुरुवातीचा रंग हिरवा : तांबडा ४०, हिरवा १२०, निळा ४०. शेवटचा रंग नारिंगी : तांबडा २४०, हिरवा १३०, निळा २०. त्रैराशिक लावले तर बरोबर मध्यावर १४०, १२५, ३० हा रंग येतो. तो पडद्यावर उमटला की वर्गातून कोणीतरी म्हणतेच, ‘‘सर, हे त सडकं संत्रं झालं!’’ आणि ते खरेच असते. मध्यावर मातकट तपकिरी पट्टा येतो. गणित कुठेही चुकलेले नसते. आपण दोनच रंग सांगितले आणि यंत्राने त्यांना सरळ रेषेने जोडले. संत्र्याची साल मात्र त्या सरळ रेषेने जात नाही, ती पिवळ्यावरून वळसा घेऊन जाते.

‘काहून?’ या प्रश्नाचे उत्तर आकड्यांतच आहे. उजळ पिवळ्यात तांबडा आणि हिरवा हे दोन्ही आकडे मोठे असावे लागतात. आपल्या दोन्ही टोकांना हिरव्याचा आकडा १२०-१३० च्या आसपास आहे. त्यामुळे मध्येही तो तेवढाच राहतो, वर उठत नाही. उजळपणा येणार कुठून?

उपाय म्हणजे मध्ये एक रंग आपण सांगायचा. इंग्रजीत याला कलर स्टॉप म्हणतात. मराठीत ‘थांबा’ म्हटले की पुढे बोलावे लागत नाही. नागपूरहून आमल्याकडे निघालो तर काटोल, नरखेड, पांढुर्णा, मुलताई हे मधले थांबे लागतात. नागपूर ० आणि आमला १ मानले तर प्रत्येक थांब्याला मधला एक अपूर्णांक मिळतो. रंगउतारातही तसेच. प्रत्येक थांब्याला दोन गोष्टी लागतात, त्याची जागा आणि तिथला रंग. संत्र्यासाठी ०.६ वर पिवळा थांबा देऊ : २२५, २००, ५०. मध्यावर न देता ०.६ वर अशासाठी की फळ हिरवेपणात जास्त दिवस काढते.

आता हिशोब दोन पायऱ्यांचा झाला. ठिपका कोणत्या दोन थांब्यांच्या मध्ये आहे ते आधी पाहायचे, मग त्या दोघांपुरते त्रैराशिक करायचे. ०.३ वरचा ठिपका ० आणि ०.६ यांच्या बरोबर मध्ये येतो, म्हणून त्याचा रंग साधारण १३२, १६०, ४५, म्हणजे पोपटी. ०.८ वरचा ठिपका ०.६ आणि १ यांच्या मध्ये, त्याचा रंग साधारण २३२, १६५, ३५, म्हणजे पिकत आलेले फळ. सडका पट्टा गेला. थांबे नेहमी चढत्या क्रमाने द्यावे लागतात. जावामध्ये दोन थांब्यांना एकच जागा दिली किंवा क्रम उलटा केला तर प्रोग्रॅम चूक दाखवून थांबतो. नरखेडच्या आधी पांढुर्णा लिहिलेले वेळापत्रक कोण मान्य करेल?

उताराची दिशा

आतापर्यंत रंग डावीकडून उजवीकडे गेला. त्याला तिरपे न्यायचे असेल तर सुरुवातीचा आणि शेवटचा बिंदू सांगायचा. इथे शेतकऱ्यांच्या मुलांना बांधाची आठवण करून दिली की काम भागते. पाणी उताराच्या दिशेने वाहते आणि बांध त्याला आडवा घालतात. एका बांधावर चालत गेले तर उंची बदलत नाही. रंगउतारातही सुरुवातीपासून शेवटाकडे जाणारी रेषा म्हणजे पाण्याची वाट, आणि तिला काटकोनात असणाऱ्या रेषा म्हणजे बांध. एका बांधावरच्या सगळ्या ठिपक्यांचा रंग एकच.

म्हणून प्रत्येक ठिपक्यासाठी प्रश्न असा विचारायचा : हा ठिपका ज्या बांधावर आहे, तो बांध पाण्याच्या वाटेला कुठे छेदतो? समजा, उतार वरच्या डाव्या कोपऱ्यातून निघून ३०० उजवीकडे आणि ४०० खाली असलेल्या बिंदूपर्यंत जातो. पायथागोरसप्रमाणे या वाटेची लांबी ५००. वरचा उजवा कोपरा, म्हणजे ३०० उजवीकडे आणि ० खाली, याची जागा काढताना ३०० गुणिले ३०० आणि ० गुणिले ४०० यांची बेरीज करून तिला ५०० च्या वर्गाने भागायचे. ९०,००० भागिले २,५०,००० म्हणजे ०.३६. खालच्या डाव्या कोपऱ्याचे उत्तर ०.६४ येते. दोन्ही कोपरे मध्यावर नाहीत, हे पाहून मुलांना आश्चर्य वाटते. चौकोन उंचीला जास्त असल्यामुळे खालचा कोपरा उतारावर पुढे गेलेला असतो. पडद्यावर खाली जाताना आकडा वाढतो, वहीतल्या आलेखासारखा वर जाताना नाही, एवढे मात्र पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे.

छापा आणि रंग

यापुढची कल्पना या विषयात सर्वात जास्त गोंधळ करते. संगणकात आकार वेगळा आणि रंग वेगळा. रांगोळीचा छापा आणि त्यावरून फिरवायची रंगीत पूड जशी वेगळी, तसेच हे. तान्ह्या पोळ्याच्या लाकडी नंदीची बाह्यरेषा काढली तर तो छापा. रंगउतार हा कुंचल्यात असतो. छाप्याच्या भोकातून जेवढा भाग दिसेल तेवढाच रंग उमटतो, बाकीचा अडतो. म्हणून चौकोन, वर्तुळ, नंदी किंवा ‘अ’ हे अक्षर, कशातही तोच उतार भरता येतो. अक्षरात उतार भरायचा असेल तर अक्षराची बाह्यरेषा आकार म्हणून घ्यायची, पुढचे सगळे सारखेच.

आता प्रश्न असा, की कुंचल्यातल्या उताराची टोके कशाच्या मापाने सांगायची? खिडकीच्या की आकाराच्या? जावामध्ये ती चित्राच्या मापाने सांगावी लागतात. विद्यार्थी पहिले संत्रे ० ते १०० या जागेत काढतात, उतारही ० ते १०० असाच ठेवतात आणि मग त्याच कुंचल्याने उजवीकडे आणखी चार संत्री काढतात. पहिल्या संत्र्यात उतार दिसतो, पुढची चारही सपाट नारिंगी. छापा पुढे सरकला, उतार जागेवरच राहिला. मायक्रोसॉफ्टच्या डब्ल्यूपीएफमध्ये टोके आकाराच्या चौकटीच्या प्रमाणात, ० ते १ अशी मानली जातात. तिथे आकार हलवला की उतारही त्याच्यासोबत जातो. दोन्ही रीती आपापल्या जागी बरोबर आहेत. पाच संत्र्यांवर मिळून एकच उजेड पडलेला दाखवायचा असेल तर पहिली रीत, प्रत्येक संत्र्याला स्वतःचा रंग द्यायचा असेल तर दुसरी.

याच कारणाने खिडकी लहान-मोठी करता येणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उतार एकदाच तयार करून ठेवणे पुरत नाही. खिडकीची रुंदी बदलली की टोकेही नव्याने मोजावी लागतात. सी शार्पमध्ये जीडीआय प्लस वापरणाऱ्यांना एक जुना खड्डा माहीत असतो. वापरणाऱ्याने खिडकी मिटून खाली ठेवली की तिची रुंदी-उंची शून्य होते, आणि शून्य रुंदीच्या चौकटीत उतार बनवायला सांगितले की प्रोग्रॅम बंद पडतो. कारण त्रैराशिकच सांगते : एकूण अंतराने भागायचे असते आणि अंतर शून्य आहे. रंग भरण्याआधी रुंदी आणि उंची शून्यापेक्षा जास्त आहेत ना, हे पाहणारी एक ओळ लिहिली की काम होते.

गोल उतार

सपाट चकतीला संत्र्याचा गोलवा द्यायचा असेल तर उतार मध्यापासून कडेकडे पसरवावा लागतो. याला गोल उतार म्हणू. पाण्यात खडा टाकल्यावर उठणारी वर्तुळे म्हणजे इथले बांध. ठिपक्याची जागा काढायला त्याचे मध्यापासूनचे अंतर त्रिज्येने भागायचे, बस. मध्यावर उजळ २५५, १९०, ९०, निम्म्यावर नारिंगी २४०, १३०, २० आणि कडेला गडद १७०, ७५, ५ असे तीन थांबे दिले की चकती फुगल्यासारखी दिसते. उजळ बिंदू मध्यावर न ठेवता थोडा वर-डावीकडे सरकवला तर उजेड खिडकीतून आल्याचा भास होतो. जावा आणि क्यूटी या दोन्हींत वर्तुळाचा मध्य आणि उजेडाचा बिंदू वेगवेगळे सांगता येतात. क्यूटीमध्ये तिसरा, घड्याळाच्या काट्यासारखा फिरत रंग बदलणारा उतारही आहे.

साधन बदलताना एक सावधगिरी हवी. जावामध्ये गोल उताराचा ० मध्यावर आणि १ कडेला असतो. जीडीआय प्लसमध्ये स्वतंत्र गोल उतार नाही, आकाराच्या कडेपासून मध्याकडे जाणारा कुंचला आहे, आणि त्याचा ० कडेवर असतो. तेच आकडे तसेच्या तसे नेले तर संत्रे आतून काळवंडते आणि कडेने चमकते.

टोकांच्या पलीकडे

आकार मोठा आणि उतार लहान असेल तर उरलेल्या जागेत काय भरायचे? तीन पर्याय असतात. शेवटचा रंग पुढे ताणत न्यायचा, उतार पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा, किंवा आरशात पाहिल्यासारखा उलटा परत आणायचा. पहिला शांत दिसतो. दुसऱ्यात प्रत्येक सांध्यावर रंग एकदम तुटतो, जसा लुगड्याच्या पट्ट्यापट्ट्यांच्या काठात. तिसऱ्यात रंग लाटेसारखा जातो-येतो. न सांगितल्यास प्रत्येक साधन आपल्या मनाने एक पर्याय घेते. जीडीआय प्लसचा सरळ उतार आपोआप दुसरा पर्याय घेतो. त्यामुळे चौकोनाच्या कडेला कधी एक ठिपका रुंद अशी उलट्या रंगाची रेघ दिसते. कुंचल्याची चौकट आकारापेक्षा किंचित मोठी घेतली की ती रेघ जाते.

डोळा काय पाहतो

गणित बरोबर आणि थांबे नेमके असूनही उतार कधी कधी खराब दिसतो. त्याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण पट्टे. खिडकी १९२० ठिपके रुंद आहे आणि उतार २५०, २४०, २२५ पासून २३०, २२०, २०५ पर्यंत आहे, असे धरू. प्रत्येक आकड्यात फरक फक्त २० चा. म्हणजे वापरायला वेगवेगळे रंग एकवीसच, आणि प्रत्येक रंगाचा पट्टा सुमारे ९१ ठिपके रुंद. दोन शेजारच्या पट्ट्यांतला फरक नगण्य असतो, तरी डोळ्याला त्यांची सीमारेषा खटकते. डोळा कडा अधिक ठळक करून पाहतो हे एर्न्स्ट माख यांनी १८६५ मध्ये दाखवले. त्यावरून अशा भासाला माख पट्टे म्हणतात. उपाय आपल्या अंगणात आहे. रांगोळीत शेडिंग करताना दोन रंगांच्या सीमेवर दोन्ही पुडींचे कण एकमेकांत विखरून टाकतात. मधला तिसरा रंग कोणी बनवत नाही, तो दुरून डोळाच बनवतो. संगणकातही सीमेवरचे ठिपके असेच विखरतात. त्याला डिदरिंग म्हणतात. मराठीत ‘कणविखुरणी’ म्हणायला हरकत नाही.

दुसरे कारण उजेडाचे. रंगाचा आकडा निम्मा केला म्हणजे पडद्यातून निघणारा उजेड निम्मा होत नाही. १२८ या करड्या रंगातून पांढऱ्याच्या जेमतेम २२ टक्के उजेड निघतो, उजेड खरोखर निम्मा करायचा तर आकडा सुमारे १८८ लागतो. म्हणून शुद्ध तांबड्यापासून शुद्ध हिरव्यापर्यंतचा उतार मध्यावर मळकट दिसतो. आकड्यांचे त्रैराशिक १२८, १२८, ० देते, तर उजेडाचे त्रैराशिक १८८, १८८, ० देते आणि तो रंग स्वच्छ पिवळ्याकडे झुकतो. जावा, डब्ल्यूपीएफ आणि जीडीआय प्लस यांत उजेडाच्या हिशोबाने उतार काढायची सोय आहे, पण ती आपणहून चालू करावी लागते. संत्र्याला मात्र यानेही पुरते नाही. उजेडाच्या हिशोबाने मधला रंग साधारण १७८, १२५, ३१ येतो. मातकटपणा कमी होतो, पण पिवळा येत नाही. तिथे थांबा लागतोच. यंत्र दोन रंगांमधली वाट चांगली किंवा वाईट काढू शकते. फळ कोणत्या वाटेने पिकते हे बाग पाहिलेल्या माणसालाच सांगावे लागते.

वर्गासाठी आणि कोशासाठी

या एका विषयात वापरलेले शब्द एकत्र पाहू. ग्रेडियंटला रंगउतार, स्टॉपला थांबा, पिक्सेलला ठिपका, ब्रशला कुंचला, क्लिपिंगच्या आकाराला छापा, समान रंगाच्या रेषेला बांध, इंटरपोलेशनला त्रैराशिक, डिदरिंगला कणविखुरणी. यांतला कणविखुरणी सोडला तर एकही शब्द नवा घडवावा लागला नाही, आणि जो घडवला तोही दोन ओळखीच्या शब्दांचा जोड आहे. हे शब्द इंग्रजी नावांची जागा घेतील असे माझे म्हणणे नाही. आज्ञा इंग्रजीतच लिहाव्या लागतील, नोकरीच्या मुलाखतीत ग्रेडियंटच म्हणावे लागेल, आणि परीक्षेत प्रवणताही लिहावी लागेल. मात्र ‘थांबा’ शब्दावरून ज्याला कल्पना कळली, तो ‘स्टॉप’ हा शब्द एका मिनिटात उचलतो. उलट दिशेचा प्रवास मी फारसा झालेला पाहिला नाही.

प्रोग्रॅममध्येही मराठीला जागा आहे. जावा, सी शार्प आणि पायथॉन या तिन्ही भाषांत चलांची नावे देवनागरीत ठेवता येतात. ‘थांबा’, ‘सुरुवात’, ‘शेवट’, ‘अंतर’ अशी नावे देऊन लिहिलेला रंगउताराचा प्रोग्रॅम सौंसरची मुलगी आपल्या आईला वाचून दाखवू शकते, आणि आई त्यात कुठे काय चालले आहे ते विचारू शकते. पायथॉन तर ‘२५’ असे देवनागरीत टाइप केलेले अंकही वाचून त्यांची संख्या करतो. फक्त खुद्द प्रोग्रॅमच्या ओळीत मूल्य म्हणून देवनागरी अंक लिहिलेले त्याला चालत नाहीत.

शिक्षकांसाठी माझी सूचना छोटी आहे. तयार आज्ञा शिकवण्याआधी एक तास कागदावर द्यावा. दहा चौकोनांची एक पट्टी आखून डावीकडे कच्च्या संत्र्याचा आणि उजवीकडे पिकलेल्या संत्र्याचा रंग द्यावा आणि मधल्या आठ चौकोनांचे आकडे मुलांना काढायला सांगावेत. मग खरी फळे आणून पट्टीशेजारी ठेवावीत. लेखकांना विनंती अशी, की अकादमीच्या किंवा अन्य कोणाच्या कोशासाठी तांत्रिक शब्द सुचवताना तो आधी एखाद्या मुलाच्या तोंडी वाक्यात घालून पाहावा. मध्य प्रदेशातल्या मराठी घरांतली पुढची पिढी आपल्या भाषेत फक्त सणवार आणि गाणी ठेवणार की संगणकाचे कामही त्या भाषेत बोलणार, हे पुष्कळसे अशा लहान शब्दांवर ठरणार आहे. माझ्या वर्गात सध्या एवढे झाले आहे की पट्टी बिघडली की मुले आपसांत म्हणतात, ‘‘थांबा चुकला, पुढं सरकव.’’